गोठा, दवाखाना आणि एक शब्द

(तिरुवल्लिकेणी, चेन्नई येथे मराठी वाचकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाची संहिता. प्रस्तुत पुस्तकाच्या अनुवादिकेने ती या आवृत्तीसाठी थोडी वाढवून दिली आहे.)



या वस्तीच्या नावापासूनच अनुवादकाची परीक्षा सुरू होते. ‘तिरु’ म्हणजे श्री, ‘अल्लि’ म्हणजे कुमुद आणि ‘केणी’ म्हणजे तळे. पार्थसारथीच्या देवळाशी असलेल्या तळ्यावरून पडलेले हे नाव इंग्रज अंमलदारांच्या जिभेला पेलले नाही, आणि त्याचे ‘ट्रिप्लिकेन’ झाले. त्या रूपात श्री उरली नाही, कुमुद उरले नाही आणि तळेही उरले नाही; उरला तो नुसता आवाज. आपल्या शास्त्रीय मराठीतही अर्थ मागे ठेवून नुसता आवाज पुढे ढकलणारे शब्द पुष्कळ आहेत. परंतु काही शब्दांची अडचण याच्या नेमकी उलट असते. त्यांचा अर्थ सर्वांना कळतो, आणि तेवढ्याचसाठी ते कोणी उच्चारीत नाही. आज मी अशाच एका शब्दाविषयी बोलणार आहे. तो शब्द ‘कृत्रिम योनी’ हा होय.

निमंत्रणपत्रिकेवर संयोजकांनी ‘पशुप्रजननविषयक अनुवादातील परिभाषा’ असा विषय छापला आहे. त्यात खोटे काहीच नाही. पत्रिका घरोघर जाते, मुलांच्या हाती पडते, हेही मी समजू शकते. तरीही सांगावेसे वाटते की, मी ज्या पुस्तकाचा अनुवाद केला त्याच्या मूळ लेखकाने हा शब्द पहिल्याच प्रकरणात, कसलीही प्रस्तावना न करता, दुधाच्या चरवीविषयी बोलावे इतक्या सहजपणे वापरला आहे.

एकाच नावाच्या येथे दोन निराळ्या गोष्टी आहेत. एक आहे गोठ्यातील उपकरण: वळूचे, रेड्याचे, मेंढ्याचे किंवा घोड्याचे रेत गोळा करण्याची नळी. दुसरी आहे दवाखान्यातील: जन्मतः योनिमार्ग नसलेल्या, अथवा अपघाताने किंवा रोगाने तो गमावलेल्या स्त्रीसाठी वैद्यांनी घडवलेला मार्ग. वर्तमानपत्रे दोन्हींना एकच नाव देतात. या दोहोंची गल्लत केल्याने काय होते, ते मला स्वतःच्या चुकीतून शिकावे लागले. पण आधी गोठ्याकडे जाऊ.

उपकरण अगदी साधे आहे. बाहेरून जाड रबराचा किंवा प्लास्टिकचा नळा असतो. वळूसाठी त्याची लांबी साधारण ३० ते ४० सेंटिमीटर ठेवतात. त्याच्या आत पातळ रबराचे अस्तर सोडलेले असते. अस्तराची दोन्ही टोके नळ्याच्या तोंडावर उलटवून पट्ट्यांनी घट्ट बांधतात. नळा आणि अस्तर यांच्यामध्ये जी बंद पोकळी तयार होते, तीत झडपेतून गरम पाणी भरतात आणि थोडी हवा फुंकतात. पाण्यामुळे ऊब मिळते, हवेमुळे दाब मिळतो. एका टोकाला रबराचा शंकू आणि त्याच्या टोकाशी काचेची खुणा केलेली नळी असते. रेत तीत उतरते, म्हणून तिच्यावर गारठ्यापासून आणि उन्हापासून जपणारे आवरण घालतात. दुसऱ्या टोकाला आतून निर्जंतुक वंगण लावतात. आतील तापमान ४२ ते ४५ अंश सेल्सिअस इतके असावे लागते. थंड पडले तर वळू झेप घेऊनही काही देत नाही. फार तापले तर तो बिचकतो, आणि एकदा बिचकलेला वळू पुढे कित्येक दिवस त्या जागेकडे संशयाने पाहतो, असे या कामातले अनुभवी लोक सांगतात.

वळूपुढे खरी माजावरची गाय उभी करण्याचे कारण नसते. दुसरा शांत वळू, खोंड किंवा कातडे ताणून बसवलेला सांगाडाही चालतो. वळूला एकदोनदा नुसतेच चढू देऊन मागे घेतात. त्याने रेताची प्रत सुधारते. मग झेप घेताना बाजूला उभा असलेला माणूस आवरणावरून धरून लिंगाची दिशा नळीकडे वळवतो. वळूचे काम एका धक्क्यात, एकदोन क्षणांत होते. घोड्याला अधिक वेळ लागतो आणि त्याची नळीही मोठी असते. डुकराची गोष्ट निराळीच आहे: त्याला उबेपेक्षा दाब महत्त्वाचा, म्हणून त्याच्यासाठी बहुधा नळी वापरीत नाहीत, हातमोजा घातलेला हातच पुरतो.

एवढ्या साध्या वस्तूने शेतीच्या अर्थव्यवहारात किती फरक पडला, ते हिशोबाने पाहावे. वळूच्या एका वेळच्या रेताचे माप साधारण ४ ते ८ मिलिलिटर. रेड्याचे त्याहून कमी, २ ते ४. वळूच्या १ मिलिलिटर रेतात १०० कोटींच्या आसपास शुक्रजंतू असतात. ५ मिलिलिटर धरले तरी ५०० कोटी झाले. गोठवलेल्या एका रेतमात्रेत २ कोटी शुक्रजंतू घालण्याची पद्धत आहे. म्हणजे जे नैसर्गिक संयोगात एका गाईच्या वाट्याला गेले असते, त्यातून अडीचशे गाई फळवता येतात.

हे येथवर कसे आले? १७८० साली स्पाल्लांझानी या इटालियन धर्मगुरू-शास्त्रज्ञाने कुत्रीच्या शरीरात पिचकारीने रेत सोडले आणि ६२ दिवसांनी तिला तीन पिले झाली. रशियात इल्या इव्हानोव्ह यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी घोड्यांवर मोठ्या प्रमाणावर प्रयोग केले. पण रेत गोळा करण्याची रीत फार ओबडधोबड होती. मादीच्या योनीत स्पंज ठेवायचा आणि संयोगानंतर तो पिळायचा. त्यात रेत दूषित होई, वाया जाई, आणि मादीला रोग असेल तर तोही बरोबर येई. १९१४ साली रोममधील शरीरक्रियाशास्त्रज्ञ जुझेप्पे अमान्तेआ यांनी कुत्र्यासाठी पहिली कृत्रिम योनी तयार केली. त्यांना पशुपैदास करायची नव्हती. शुक्रजंतूंचा अभ्यास करायचा होता. रशियन संशोधकांनी ती कल्पना उचलून वळू, मेंढा आणि घोडा यांच्या मापाची नळी बनवली. १९३६ साली डेन्मार्कच्या सामसो बेटावर गोपालकांनी कृत्रिम रेतनाची सहकारी संस्था काढली. सहकार हा शब्द तिरुवल्लिकेणीत उच्चारताना १९०४ साली येथे सुरू झालेल्या ग्राहक सहकारी संस्थेची आठवण होणारच. डाळतांदूळ एकत्र विकत घेणारे कारकून आणि वळूचे रेत एकत्र वाटून घेणारे शेतकरी यांच्यामागचा विचार मला तरी एकच दिसतो.

रेत टिकवण्याची कथा अनुवादकाच्या विशेष जिव्हाळ्याची आहे, कारण तिच्या मुळाशी चिठ्ठीची चूक आहे. १९४० च्या सुमारास अंड्याच्या बलकात रेत मिसळून थंडीत दोनतीन दिवस टिकवता येऊ लागले होते; परंतु गोठवले की शुक्रजंतू मरत. इंग्लंडमध्ये पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स हे शास्त्रज्ञ कोंबड्याच्या रेतावर फळशर्करेचा प्रयोग करीत होते आणि त्यांना यश येत नव्हते. मग एका बाटलीतील द्रावाने अचानक उत्तम गुण दाखवला. तपासल्यावर कळले की त्या बाटलीत साखर नव्हतीच. चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती, आणि आत ग्लिसरीन होते. १९४९ साली ही गोष्ट प्रसिद्ध झाली आणि उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनात रेत वर्षानुवर्षे साठवण्याचा मार्ग मोकळा झाला. १९५३ साली अमेरिकेत गोठवलेल्या मानवी रेतापासून गर्भधारणा झाल्याचेही जाहीर झाले. गोठ्यातून दवाखान्यात जाणारी वाट ही अशी आहे, आणि तिच्यावरची वर्दळ आपण समजतो त्याहून बरीच जुनी आहे.

भारतात १९३९ साली म्हैसूरच्या राजवाड्याच्या दुग्धालयात संपत कुमारन् यांनी पहिले कृत्रिम रेतन केले. १९४२ पासून इज्जतनगरच्या संस्थेत त्याचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला, आणि १९४३ साली अलाहाबादच्या कृषिसंस्थेत कृत्रिम रेतनाने झालेले म्हशीचे पहिले पारडू जन्मले.

महाराष्ट्रातील श्रोत्यांना याहून जवळची हकीकत उरुळी कांचनची आहे, आणि तिचा उगम थोडा आडवळणाने सांगावा लागतो. गांधीजींनी दूध सोडले त्याला जी कारणे घडली, त्यांत कलकत्त्याचे गवळी गाईम्हशींवर करीत असलेल्या क्रूरतेचे वर्णन वाचनात आले हेही एक होते. ‘फुका’ म्हणजे जनावराच्या योनीत नळीने हवा फुंकून दूध उतरवायला लावणे. १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यात ही रीत नाव घेऊन गुन्हा ठरवली आहे. कायद्याच्या मसुद्यात हा शब्द लिहिताना कोणाला संकोच वाटला नाही, हे मी मुद्दाम नोंदवते. मार्च १९४६ मध्ये गांधीजी उरुळी कांचनला आले, तेथे निसर्गोपचाराचे काम सुरू झाले आणि ते त्यांनी मणिभाई देसाई या तरुणावर सोपवले. मणिभाई १९९३ साली मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिले. आश्रमाच्या गोशाळेपासून सुरुवात करून १९६७ साली त्यांनी ‘बाएफ’ ही संस्था स्थापन केली. होल्स्टिन आणि जर्सी वळूंचे रेत गोठवून ते खेडोपाडी, थेट शेतकऱ्याच्या दारी पोचवण्याची व्यवस्था या संस्थेने बसवली. गाय माजावर आली की तंत्रज्ञ मोटारसायकलवर द्रव नायट्रोजनचा डबा बांधून येतो, हे दृश्य आज पश्चिम महाराष्ट्रात कोणाला नवे नाही. १९८२ साली मणिभाईंना मॅगसेसे पारितोषिक मिळाले.

याविषयी माझे मत निर्भेळ कौतुकाचे नाही. संकरित गाईने दूध वाढले, अल्पभूधारकाच्या घरात रोज रोख पैसा येऊ लागला, हे खरे. पण संकरित खोंड कोकणच्या उन्हात नांगराला टिकत नाही. आणि खिलार, डांगी, देवणी यांसारख्या आपल्या जातींकडे मध्यंतरी फार दुर्लक्ष झाले. नळीचा त्यात दोष नाही. तीत खिलार वळूचे रेत गोळा करा म्हटले तर तेही होते. कोणत्या वळूचे गोळा करायचे, हे माणूस ठरवतो.

एक मुद्दा मात्र निर्विवाद आहे. गावात देवाला सोडलेला एकच पोळ सगळ्या गाईंना फळवीत असे, तेव्हा सांसर्गिक गर्भपात, ट्रायकोमोनासचा संसर्ग असे रोग तो गोठ्यागोठ्यांतून वाहून नेई. गाय पुन्हा पुन्हा उलटे, आणि शेतकरी नशिबाला किंवा गाईला दोष देई. तपासलेल्या वळूचे, प्रत्येक वेळी निर्जंतुक केलेल्या नळीत घेतलेले रेत वापरल्याने ही साखळी तुटली. गाईच्या ‘वांझपणा’चे कारण वळूतही असू शकते, ही गोष्ट आपल्या खेड्यांना गोठ्याने शिकवली, घरात ती पोचायला अजून वेळ लागतो आहे.

आता माझी चूक सांगते. सुमारे दहा वर्षांपूर्वी मी पशुसंवर्धनाच्या प्रशिक्षणार्थींसाठी एका पुस्तिकेचा अनुवाद करीत होते. ‘कृत्रिम योनी’ हा शब्द मी लिहिला होता. तपासणाऱ्यांनी तो खोडला. वर्गात मुलीही असतात, असे कारण त्यांनी दिले, आणि ‘संकलन-नलिका’ हा शब्द सुचवला. मी मान्य केले. खरे सांगायचे तर मला सुटल्यासारखेच वाटले. सासरी कोणी ‘सध्या काय लिहिते आहेस’ असे विचारले तर कागद लपवावे लागणार नव्हते.

पुस्तिका छापून आली. काही महिन्यांनी एका प्रशिक्षणार्थी मुलीचे पत्र आले. तिने विचारले होते: “ताई, पान अमुकवर म्हटले आहे की संकलन-नलिकेत गरम पाणी भरावे. दोन पानांनंतर म्हटले आहे की संकलन-नलिकेत पाण्याचा थेंबही राहता कामा नये. आम्ही यातले काय करावे?” मी पाने काढून पाहिली आणि माझे हातपाय गार पडले. संपूर्ण उपकरणाला मी ‘संकलन-नलिका’ म्हटले होते आणि रेत ज्या काचेच्या नळीत उतरते तिलाही मूळ ग्रंथाला अनुसरून ‘संकलन-नलिका’ म्हटले होते. पाणी भरायचे ते नळा आणि अस्तर यांच्यामधल्या पोकळीत. काचेच्या नळीत साधे पाणी शिरले तर शुक्रजंतू फुगून काही क्षणांत मरतात; वळूची झेप, माणसाची मेहनत, सगळे फुकट जाते. लाजेखातर एक शब्द बदलला आणि पुस्तिका चुकीचे शिकवू लागली. ज्या मुलींची लाज राखायची म्हणून शब्द खोडला होता, त्यांच्यातल्याच एकीने ती चूक पकडली.

मराठीला हा संकोच नवा आहे, असेही नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले, इंद्रियांची नावे स्वच्छ लिहिली आणि त्यासाठी अश्लीलतेचे खटले सोसले. १९३४ साली त्यांचे वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतले होते. खटला हरला, पण शब्द भाषेत राहिले. आम्ही एम.ए.ला कर्व्यांच्या त्या मासिकाचे नाव वाचले, अंक मात्र पाहिला नाही.

शेतकऱ्याची भाषा या बाबतीत फार शहाणी आहे. गाय माजावर येते, तिला भरवतात, ती फळते किंवा उलटते, गाभण राहते, विते. यांतला एकही शब्द उच्चारताना कोणी खाली मान घालीत नाही. परंतु तोच शेतकरी घरातल्या मुलीला सोळाव्या वर्षीही पाळी आली नाही, हे शेजाऱ्यापासून वर्षभर लपवतो.

येथे मी दवाखान्याकडे वळते.

माझ्या नात्यातली एक मुलगी आहे. नाव सांगत नाही, गावही सांगत नाही. तिच्या संमतीने एवढेच सांगते आहे. सतरा वर्षे पूर्ण झाली तरी तिला पाळी आली नव्हती. बाकी सर्व वाढ चारचौघींसारखी. डॉक्टरांनी तपासणी केली, आईला बाजूला घेऊन काही सांगितले, आणि आईने घरी येऊन फक्त “हिच्या लग्नाचे पाहायला नको” एवढे म्हटले. मुलीने तपासणीचा इंग्रजी कागद कपाटातून काढला आणि माझ्याकडे आणला. “मावशी, तू अनुवाद करतेस ना? मग याचा कर.”

कागदावर लिहिले होते की गर्भाशय आणि योनिमार्ग यांचा जन्मतः अभाव आहे, बीजकोश दोन्ही प्राकृत आहेत. या अवस्थेला ज्या चार वैद्यांनी तिचे वर्णन केले त्यांची नावे आहेत: मायर, रोकिटान्स्की, क्यूस्टर आणि हाउझर. १८२९ ते १९६१ एवढ्या कालावधीत त्यांची वर्णने विखुरलेली आहेत. साधारणपणे साडेचार ते पाच हजार मुलींमागे एक मुलगी अशी जन्मते. म्हणजे ही फार दुर्मिळ गोष्ट नाही. आपल्या एखाद्या तालुक्यात अशा कितीतरी स्त्रिया असतील आणि त्यांतल्या बहुतेकींना आपण एकट्याच आहोत असे वाटत असेल. बीजकोश काम करीत असल्याने स्त्रीत्वाची सारी लक्षणे येतात. गुणसूत्रे स्त्रीचीच असतात. काही जणींना मूत्रपिंड एकच असते, म्हणून तीही तपासणी करावी लागते. पाळी न येण्याची कारणे दुसरीही असतात. कधी पाळीचे रक्त तयार होते, पण मार्गावर पडदा असल्याने आत साचते आणि दर महिन्याला पोटात कळ येते. त्याला छोटीशी शस्त्रक्रिया पुरते. म्हणून निदान नीट झाल्याशिवाय कोणी काही ठरवू नये.

मी वाक्ये मराठीत सांगितली. ती ऐकत होती. मग तिने विचारले, “म्हणजे मी मुलगी आहे ना?” या प्रश्नाचे उत्तर त्या कागदावर स्पष्ट लिहिलेले होते. इंग्रजीत.

उपचारांची माहिती मी तेव्हा तिच्यासाठी शोधली आणि या पुस्तकाच्या कामात ती पुन्हा तपासली. १९३८ साली अमेरिकेत रॉबर्ट फ्रँक यांनी शस्त्रक्रियेवाचूनची पद्धत सांगितली. जिथे मार्ग असायचा तिथे बहुधा लहानसा खळगा असतो. गुळगुळीत, क्रमाने मोठ्या होत जाणाऱ्या विस्तारक कांड्यांनी त्यावर रोज थोडा वेळ हलका दाब द्यायचा. काही महिन्यांत तेथील लवचिक त्वचा आत सरत जाते आणि मार्ग तयार होतो. चिकाटीने केल्यास बहुसंख्य स्त्रियांना याचा गुण येतो, आणि आजही तज्ज्ञ प्रथम हाच उपाय सुचवतात. त्याच वर्षी आर्चिबाल्ड मॅकिंडो यांनी साच्यावर मांडीची पातळ त्वचा गुंडाळून ती आत रुजवण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. हेच मॅकिंडो पुढे महायुद्धात होरपळलेल्या वैमानिकांना नवे चेहरे देण्यासाठी नावाजले. कोणी आतड्याचा तुकडा वापरतात, कोणी वारेचे पातळ आवरण. १९६५ साली इटलीत व्हेक्किएत्ती यांनी पोटातून दोरे ओढून खळगा खोल करण्याची युक्ती काढली. शस्त्रक्रिया कोणतीही असो, नंतर विस्तारक वापरावेच लागतात. हे न सांगता शस्त्रक्रिया केली तर मार्ग पुन्हा आक्रसतो.

कधी करावे, हा प्रश्न ‘कसे’ याहून मोठा आहे. आपल्याकडे शस्त्रक्रियेची तारीख लग्नाच्या मुहूर्तावरून ठरते. मुलीची तयारी, तिची इच्छा, महिनोन् महिने विस्तारक वापरण्याची तिची मनःस्थिती, हे कोणी विचारीत नाही. आणि होणाऱ्या जावयाला तर काही सांगितलेच जात नाही. वैद्यकाने घडवलेला मार्ग प्रथम तिच्या स्वतःच्या सुखासाठी आहे, हे वाक्य मराठीत लिहून पाहा. लेखणी अडखळते.

एप्रिल २०१४ मध्ये एक बातमी जगभर गाजली. अँथनी अटाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेक्सिकोतील चार मुलींच्या स्वतःच्या पेशी प्रयोगशाळेत सांगाड्यावर वाढवून त्यांपासून योनिमार्ग तयार केले होते. शस्त्रक्रिया २००५ ते २००८ या काळात झाल्या होत्या आणि कित्येक वर्षांनंतरही ते अवयव नीट काम करीत होते. महाराष्ट्रातही एक दार उघडले: मे २०१७ मध्ये पुण्यात डॉ. शैलेश पुणतांबेकर यांच्या पथकाने जन्मतः गर्भाशय नसलेल्या एका तरुणीला तिच्या आईच्या गर्भाशयाचे रोपण केले. स्वीडनमध्ये २०१४ साली रोपण केलेल्या गर्भाशयातून पहिले मूल जन्मले होते, ते याच अवस्थेतील स्त्रीला. हा मार्ग खर्चाचा आणि धोक्याचा आहे, आणि तो सर्वांना नाही. पण “हिच्या लग्नाचे पाहायला नको” या वाक्याच्या पलीकडे काही आहे, एवढे त्यावरून कळते.

तमिळनाडूत बोलताना आणखी एका समाजाचा उल्लेख न करणे बरोबर होणार नाही. पुरुष म्हणून जन्माची नोंद झालेल्या, पण स्वतःला स्त्री मानणाऱ्या व्यक्तींना येथे ‘तिरुनंगै’ म्हणतात. या वस्तीच्या नावातले ‘तिरु’ तेच. २००८ साली या राज्याने त्यांच्यासाठी कल्याण मंडळ स्थापन केले आणि सरकारी रुग्णालयांत शस्त्रक्रियेची सोय केली. त्या शस्त्रक्रियेतही योनिमार्ग घडवला जातो. परंतु कोणी ती करून घेतली नाही म्हणून तिची ओळख नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या निकालात म्हटले. आणि जन्मतः लिंगाविषयी संदिग्धता असलेल्या अर्भकांवर, जिवाला धोका नसताना, ‘दुरुस्ती’च्या शस्त्रक्रिया करण्यास या राज्याने २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुरै पीठाच्या निकालानंतर बंदी घातली. मुलीला विचारून करावे, हे मी वर म्हटले. विचारता येत नाही तोवर थांबावे, हे या राज्याने कायद्याच्या भाषेत लिहिले.

येथून जवळच कस्तुरबा गांधी रुग्णालय आहे. जुनी माणसे त्याला अजून ‘गोषा हॉस्पिटल’च म्हणतात. १८८५ साली मेरी शारलिब या डॉक्टरणीच्या पुढाकाराने ते सुरू झाले, कारण पडद्यातल्या स्त्रिया पुरुष डॉक्टरला अंग दाखवण्यापेक्षा मरण पत्करीत. स्वतः शारलिबबाई मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात १८७५ साली दाखल झाल्या होत्या, इंग्लंडमध्ये स्त्रियांना ही दारे फारशी उघडलेली नव्हती तेव्हा. काल मी त्या फाटकापाशी थोडा वेळ उभी होते. बायका आत जात होत्या, बाहेर येत होत्या, कोणाच्याही तोंडावर पडदा नव्हता. आत त्या आपले दुखणे कोणत्या शब्दांत सांगत असतील, याचा मी विचार करीत होते.

तंजावरकडून आलेली काही मराठी घराणी आज समोर बसली आहेत. त्यांना आठवत असेल की दुसऱ्या सरफोजीराजांच्या धन्वंतरी महालात माणसांची औषधे आणि जनावरांची औषधे एकाच छपराखाली तयार होत. त्या काळच्या वैद्याला गोठा आणि घर यांच्यासाठी दोन भाषा लागत नव्हत्या.

मला मात्र दोन शब्द लागले, आणि ते का, एवढे सांगून थांबते. प्रस्तुत पुस्तकात पशूंसाठी मी ‘कृत्रिम योनी’ हाच शब्द ठेवला आहे आणि काचेच्या नळीला ‘रेतनळी’ म्हटले आहे, म्हणजे पाणी कुठे भरायचे याची शंका कोणाला राहू नये. माणसाच्या प्रकरणातही आधी ‘कृत्रिम योनी’च लिहिले होते. कच्ची प्रत मी त्या मुलीला वाचायला दिली. ती आता नोकरी करते. तिने तो शब्द प्रत्येक ठिकाणी अधोरेखित केला होता आणि शेवटच्या पानावर लिहिले होते: “मावशी, ती वळूची नळी रबराची आहे. माझे रबराचे नाही, माझ्याच अंगाचे आहे. यात कृत्रिम काय?”

मी बराच वेळ कोश चाळले. शेवटी ‘नवयोनिमार्ग’ हा शब्द केला आणि तिला पाठवला. दुसऱ्या दिवशी उत्तर आले. शब्द चालेल, पण ‘नव’ सुटे लिहू नका, जोडून लिहा. परिभाषासूचीत तो तसाच, जोडून छापला आहे.